डिस्चार्ज कार्डावर जे लिहिलंच नव्हतं: चेन्नईतल्या एका बाळाची केस आणि आई-बापांपुढचे कायद्याचे रस्ते

बाळंतपणात किंवा बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत हॉस्पिटलमध्ये काहीतरी चुकलं असं वाटणाऱ्या आई-बापांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एकजण सांगतो की डॉक्टरांचं कोर्टात काही होत नाही, नाद सोडा, दुसरा सांगतो उद्याच पोलिसात जा, म्हणजे हॉस्पिटलवाले धावत पैसे घेऊन येतील. दोघांचंही ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कायदा काय देतो आणि काय देत नाही हे कळायला एखादी खरी केस पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बघावी लागते, म्हणून इथे एकच केस घेतेय. ती तमिळनाडूतली आहे, पण चूक सापडली ती मुंबईत, आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नागपूरचे, शरद बोबडे, जे पुढे सरन्यायाधीश झाले. कुटुंबाचं नाव मुद्दाम देत नाही, ती मुलगी आता मोठी आहे आणि तिच्या नावाने या सगळ्याची ओळख पटावी असं मला वाटत नाही.

काय घडलं

३० ऑगस्ट १९९६. चेन्नईच्या एग्मोरमधलं बायकामुलांचं सरकारी हॉस्पिटल. गरोदरपणाच्या २९ व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली, वजन १२५० ग्रॅम. इतक्या कमी दिवसांच्या बाळाला जे करतात ते सगळं केलं, काचेच्या पेटीत ठेवलं, साधारण २५ दिवस ती तिथेच होती, ऑक्सिजन दिला, रक्तही चढवलं. बाळ जगलं. हे आधी नीट मान्य केलं पाहिजे, कारण १९९६ मध्ये सव्वा किलोचं बाळ वाचवणं सोपं नव्हतं आणि तिथल्या स्टाफने ते काम केलं होतं. २३ सप्टेंबर १९९६ ला डिस्चार्ज मिळाला. ३० ऑक्टोबरला परत तपासायला बोलावलं तेव्हा बाळ नऊ आठवड्यांचं झालेलं, म्हणजे तोपर्यंत ते हॉस्पिटलच्याच देखरेखीखाली होतं. त्यानंतरही त्याच हॉस्पिटलमधले एक डॉक्टर घरी येऊन बाळाला बघत होते. आई-बापांना सल्ला मिळाला तो एवढाच की बाळाला इन्फेक्शन होऊ नये म्हणून चार भिंतींच्या आत, स्वच्छ खोलीत ठेवा.

त्यांनी तो सल्ला तंतोतंत पाळला.

मूल साधारण साडेचार महिन्यांचं असताना कुटुंब आपल्या कामासाठी मुंबईला आलं होतं आणि लस द्यायची वेळ झालेली म्हणून बाळाला इथल्या एका बालरोगतज्ज्ञाकडे नेलं. सगळी हकीकत ऐकून त्या डॉक्टरांना शंका आली आणि तपासणीत निघालं की बाळाला आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी) आहे, तेही पाचव्या स्टेजचं. पाचवी म्हणजे शेवटची स्टेज, डोळ्याचा पडदा पूर्ण सुटलेला. मग धावाधाव झाली, अमेरिकेतल्या मोठ्या सर्जनपर्यंत जाऊन आले, पण दृष्टी काही आली नाही.

आरओपी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचा निकाल कळणार नाही. बाळाच्या डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतात. बाळ लवकर जन्मलं की त्या अर्धवट राहतात, त्यात बाहेरून ऑक्सिजन द्यावा लागतो, आणि काही बाळांमध्ये या वाहिन्या मग वेड्यावाकड्या वाढायला लागतात आणि पडदा ओढून सोडवतात. महत्त्वाची गोष्ट ही की जन्मतः हा आजार नसतो, तो जन्मानंतरच्या काही आठवड्यांत सुरू होतो आणि वरून काहीच दिसत नाही, बाळाचा डोळा इतर कुठल्याही बाळासारखाच दिसतो. म्हणून ठरलेल्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडून बाहुली मोठी करून पडदा बघावा लागतो. वेळेत सापडलं तर लेसरसारख्या उपचाराने बहुतेक डोळे वाचवता येतात. आज आपल्याकडे सरकारी मार्गदर्शक सूचना अशी आहे की ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २ किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत ही तपासणी झालीच पाहिजे, आणि फारच लहान बाळ असेल तर त्याहूनही आधी, दोन-तीन आठवड्यांतच. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ पेटीत असेल तर हे वाक्य आत्ताच त्यांना पाठवा, कायद्याचं नंतर बघू.

कोर्टाने नेमकी कुठली चूक धरली

वडिलांनी १९९८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगात तक्रार टाकली. आयोगाने दिल्लीच्या एम्सकडून तज्ज्ञांचं मत मागवलं. एम्सने लिहून दिलं की कमी दिवसांचं बाळ आरओपी घेऊन जन्मत नाही, तो नंतर दोन ते चार आठवड्यांत सुरू होतो आणि तेव्हा पहिली तपासणी करणं आवश्यक असतं. २००९ मध्ये आयोगाने निष्काळजीपणा झाला असं मान्य केलं, पण भरपाई किती दिली तर ५ लाख. वडील सुप्रीम कोर्टात गेले, तमिळनाडू सरकारही गेलं, आणि १ जुलै २०१५ ला निकाल लागला. तोपर्यंत मुलगी अठराची झाली होती.

आता नीट बघा कोर्टाने काय म्हटलं, कारण सगळी केस इथेच आहे. बाळ लवकर जन्मलं ही चूक धरली नाही. ऑक्सिजन दिला ही चूक धरली नाही. आरओपी झाला, हीसुद्धा चूक धरलेली नाही, कारण तो चांगल्यातल्या चांगल्या हॉस्पिटलमध्येही होतो. चूक धरली ती ही की इतकं लहान बाळ, ऑक्सिजन दिलेलं, रक्त चढवलेलं, म्हणजे धोका आहे हे माहीत असायलाच हवं होतं, आणि तरी डोळे तपासले नाहीत आणि आई-बापांना सांगितलंही नाही. पुरावा म्हणून कोर्टाने काय उचललं तर डिस्चार्ज समरी. त्यात पालकांना एका शब्दाने इशारा नव्हता की बाळाला असं होऊ शकतं, तपासून घ्या, आणि डॉक्टरांना स्वतःला तरी त्याची काळजी होती असंही कुठे दिसत नव्हतं. जे लिहायला हवं होतं ते लिहिलेलं नाही, हाच पुरावा ठरला.

डिस्चार्ज कार्ड आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वर नाव, आयपीडी नंबर, जन्मवेळ, वजन, मग घाईघाईत लिहिलेले दोन-तीन आजार, खाली ड्रॉप्सची नावं, 'आईचं दूध', आणि शेवटी 'फॉलोअप ७ दिवसांनी'. आपण ते फाईलला लावून टाकतो. पण कोर्टात हाच कागद एकेक ओळ करून वाचला जातो, आणि काय नाही तेही वाचलं जातं.

म्हणून ज्यांना शंका आहे त्यांना मी पहिलं हेच सांगेन की "डॉक्टरने आमच्या बाळाचं वाटोळं केलं" हे वाक्य मनात कितीही खरं असलं तरी त्याची केस होत नाही. केस होते ती अशा प्रश्नाची: कुठल्या दिवशी, किती वाजता, काय करायला हवं होतं जे केलं नाही, आणि ते केलं असतं तर फरक पडला असता का. कायद्यात मोजपट्टी अशी आहे की त्या शाखेतला साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल ते या डॉक्टरने केलं का. सगळ्यात हुशार डॉक्टरशी तुलना होत नाही, आणि परिणाम वाईट झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही.

बाळ जन्मताना गुदमरलं असेल, उशिरा रडलं असेल, नंतर झटके आले असतील, तर तिथेही हाच नियम. कळा कधी सुरू झाल्या, बाळाचे ठोके किती किती वेळाने मोजले, ठोके कमी झाल्याचं पहिल्यांदा कधी दिसलं, सिझरचा निर्णय किती वाजता आणि बाळ बाहेर किती वाजता, भूलतज्ज्ञ कधी आले, बालरोगतज्ज्ञ जन्मावेळी हजर होते की फोन करून बोलावले. ही सगळी उत्तरं कागदावर मिनिटांमध्ये लिहिलेली असतात, किंवा असायला हवीत.

कागद, आणि तेही लगेच

कागद मागायचा हक्क तुमचा आहे, हॉस्पिटल उपकार करत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केली की ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. २०२३ मध्ये नवे नियम आले होते पण ते लगेच स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच चालू आहेत. प्रत्यक्षात काउंटरवर काय ऐकायला मिळतं तर "साहेब बाहेरगावी आहेत", "रेकॉर्डवाला सोमवारी येईल", "कशाला पाहिजे, इन्शुरन्सला का?" यावर वाद घालू नका, साधा लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, नाही दिला शिक्का तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. अर्जात फक्त "फाईल द्या" असं लिहू नका, नावं घेऊन मागा: आईचे केसपेपर, प्रसूतीच्या वेळचा पार्टोग्राफ (कळा कशा पुढे सरकल्या त्याचा तक्ता), ठोक्यांच्या सीटीजीच्या पट्ट्या, नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, ऑपरेशन नोट, भुलीची नोट, संमतीपत्र, बाळाचे एनआयसीयूचे (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचे) रोजचे कागद, सोनोग्राफी, सगळी बिलं. सरकारी हॉस्पिटल असेल तर माहिती अधिकारातही अर्ज टाकता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

सीटीजीच्या पट्टीचं एक लक्षात ठेवा, तो थर्मल कागद असतो, बसच्या तिकिटासारखा, काही महिन्यांत फिका पडतो. हातात आला की त्याच दिवशी फोटो काढा आणि झेरॉक्स मारून ठेवा.

आणि घाई का, तर याच नियमांप्रमाणे हॉस्पिटलने कागद ठेवायची किमान मुदत ३ वर्षं आहे, उपचार सुरू झाल्याच्या दिवसापासून. आता विचार करा, जन्मताना मेंदूला इजा झालेल्या बाळाचं घरच्यांच्या कधी लक्षात येतं? मान धरायला उशीर, बसायला उशीर, आजी म्हणते की याचा बाप पण उशिराच चालला होता, मग दीड-दोन वर्षांनी कुणीतरी सेरेब्रल पाल्सी हा शब्द उच्चारतो. तोपर्यंत कागदांची मुदत संपत आलेली असते आणि केस टाकायची मुदतही. त्यामुळे केस करायची की नाही हे ठरलं नसलं तरी कागद आत्ताच घेऊन ठेवा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

बाळ दगावलं असेल तर अजून एक अवघड गोष्ट आहे, सांगायलाही जड जातं. शवविच्छेदन. त्या क्षणी कुठलाही बाप "नको, आता त्याला कापू नका" असंच म्हणतो आणि त्याला कुणी काही बोलू नये. पण मृत्यूचं कारण पुढे कोर्टात सिद्ध करायचं असेल तर तो अहवाल नसताना फार अडतं, म्हणून जवळच्या कुणीतरी शांतपणे ही गोष्ट कानावर घालावी आणि निर्णय आई-बापांवर सोडावा.

कागद आले की वकिलाच्या आधी डॉक्टर गाठा. दुसऱ्या गावातला, त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेला, त्याच विषयातला. त्याला "चूक आहे का" असं विचारू नका, तो अंग काढून घेईल. "हे बाळ तुमच्याकडे असतं तर या तारखेला तुम्ही काय केलं असतं" असं विचारा. या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, आणि कधीकधी उत्तर असं येतं की सगळं बरोबरच केलेलं होतं. तेही कळणं गरजेचं असतं, आई-बापांच्या जिवाला निदान तो एक काटा तरी राहत नाही.

कुठल्या दारात जायचं

बहुतेकांसाठी दार एकच, ग्राहक आयोग. डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ठरवलं, आणि २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवा हा शब्द नाही म्हणून डॉक्टर बाहेर पडले असा दावा झाला होता तो मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये फेटाळला, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार टाकता येते, म्हणजे बाळंतपण पुण्यात झालं आणि तुम्ही लातूरला राहत असाल तर लातूरलाच. ऑनलाइनही होते.

एक गोष्ट पुष्कळ वकीलसुद्धा जुन्या सवयीने चुकीची सांगतात. कुठल्या आयोगात जायचं हे आता तुम्ही किती भरपाई मागता त्यावर ठरत नाही, तुम्ही हॉस्पिटलला किती पैसे भरले त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत भरले असतील तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय. म्हणजे एनआयसीयूचं बिल ३ लाख झालेलं असलं आणि तुम्ही १ कोटीची भरपाई मागत असलात तरी जिल्हा आयोगातच, आणि भरलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी शून्य. हे बरोबर आहे का यावर वाद झाला होता, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धत वैध ठरवली.

मुदत २ वर्षं. इथेच जास्तीत जास्त केसेस मरतात. उशीर का झाला याचं पटण्यासारखं कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, आणि इजा उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून धरा असा युक्तिवादही करता येतो, पण त्यावर विसंबून राहू नका. गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलमधल्या एका नर्सची केस आहे, १९९३ ला मुंबईत ऑपरेशन, पोटात दुखणं चालूच, २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनला आत राहिलेला गॉज (जाळीदार कापड) सापडला, २००४ ला तक्रार. सुप्रीम कोर्टाने ती मुदतीबाहेरची ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत होतं आणि त्या स्वतः नर्स होत्या, तर आधीच तपासून घ्यायला हवं होतं. मला तो निकाल कठोर वाटतो, पण आहे तो असा आहे. चेन्नईच्या कुटुंबाचं बळ यातही होतं की मुंबईत निदान झाल्यावर ते थांबले नाहीत.

कुणाकुणाला पार्टी करायचं? हॉस्पिटलला तर नक्कीच. व्हिजिटवर येणारा डॉक्टर होता, आमचा नोकर नव्हता, हे कारण हॉस्पिटलला फारसं वाचवत नाही. आणि नेमका कुठला डॉक्टर चुकला हे पेशंटने बोट दाखवून सांगितलं पाहिजे असंही नाही, आत काय झालं हे सांगायची जबाबदारी हॉस्पिटलवर येते, हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगून ठेवलंय. भरपाई फक्त मुलाला नाही, आई-बापांना स्वतःच्या मानसिक त्रासासाठी वेगळी मिळू शकते, १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या निकालात मुलाला साडेबारा लाख आणि पालकांना ५ लाख वेगळे दिले होते.

सरकारी हॉस्पिटलचं थोडं गुंतागुंतीचं आहे. जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट असतं तिथली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, जिथे काहीजण पैसे भरतात तिथे फुकट उपचार घेतलेलाही ग्राहक धरला जातो. त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलच्या केसमध्ये समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो, केसपेपरची दहा-वीस रुपयांची पावती दाखवून भागत नाही, तिथे इतर पेशंटना चार्ज लागतो का याची माहिती आधी काढून ठेवा. नाहीच बसलं तर दिवाणी कोर्ट आहे. आपल्या औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलमधली जुनी केस याच रस्त्याने गेली होती: जुलै १९६३, एक बाई बाळंतपणाला आली, बाळंतपण झालं, तीन दिवसांनी नसबंदीचं ऑपरेशन झालं, पोटात टॉवेल राहिला आणि २४ जुलैला ती गेली. खालच्या कोर्टाने ३६ हजार दिले, हायकोर्टाने ते काढून घेतले, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये परत दिले. तेहतीस वर्षं लागली. पण डॉक्टर सरकारी असला तरी भरपाईला सरकार जबाबदार हे त्या निकालाने पक्कं केलं, आणि चेन्नईच्या केसमध्ये तमिळनाडू सरकारला पैसे भरायला लावताना कोर्टाने याच औरंगाबादच्या निकालाचा आधार घेतला. एका मराठवाड्यातल्या बाईच्या मरणावरून ठरलेला कायदा एकोणीस वर्षांनी तिकडच्या एका मुलीच्या कामी आला, मला हे वाचताना फार भरून आलं होतं.

दिवाणी कोर्टात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलासाठी अजून एक सवलत आहे, लिमिटेशन अ‍ॅक्टच्या कलम ६ प्रमाणे मुलाच्या स्वतःच्या हक्काची मुदत तो सज्ञान होईपर्यंत धावत नाही. पण सतरा वर्षांनी साक्षीदार कुठून आणणार, म्हणून हा शेवटचा आधार समजा.

मेडिकल कौन्सिलकडे तक्रार हा वेगळा रस्ता. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नाव काही काळासाठी किंवा कायमचं काढू शकते, पैसे मात्र देत नाही. तक्रार सोपी, फी-वकिलाचा खर्च कमी, आणि कौन्सिलने चूक मान्य केली तर तो कागद ग्राहक आयोगात उपयोगी पडतो. उलटं झालं, म्हणजे डॉक्टर निर्दोष ठरवला, तर तोच कागद समोरचा वकील तुमच्यावर वापरतो. डॉक्टरांच्या मंडळाने डॉक्टरांची चौकशी करायची या रचनेवर माझा फार विश्वास नाही, पण ज्यांना पैशापेक्षा "हे पुढच्या बाळाबरोबर होऊ नये" हे महत्त्वाचं वाटतं त्यांनी हा रस्ता जरूर घ्यावा.

आणि पोलीस. रागाच्या भरात सगळे आधी इथेच जातात. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून फौजदारी गुन्ह्याला साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो अगदी ढोबळ, घोर असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी निःपक्ष डॉक्टरचं मत घ्यायचं, शक्यतो त्या शाखेतल्या सरकारी डॉक्टरचं. उठसूट अटकही नाही. बाळ किंवा बाळंतीण दगावली असेल तर आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात डॉक्टरला जास्तीत जास्त २ वर्षं. दारू पिऊन लेबर रूममध्ये आला, पात्रता नसताना सिझर केलं, पेशंट टाकून निघून गेला, अशा ठिकाणी पोलिसात जरूर जा. पण निदान चुकलं, तपासणी राहिली, उशीर झाला, अशा केसमध्ये तज्ज्ञ समितीचा "घोर निष्काळजीपणा दिसत नाही" असा एका पानाचा अहवाल येतो आणि मग तो पुढे प्रत्येक ठिकाणी तुमच्या आडवा येतो. चेन्नईची केस पूर्णपणे भरपाईची होती, तिथे कुणाला तुरुंगात टाकायचा विषय नव्हता.

तोडफोड, मारहाण अजिबात नको. नातेवाईक गोळा होतात, आवाज चढतो, आणि एक काच फुटली की महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा दाखल होतो, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली. त्या दिवसापासून बाळाची केस मागे पडते आणि काकाचा जामीन पुढे येतो. तसंच, "बिल माफ करतो, फक्त इथे सही करा" असा कागद समोर आला तर त्या दिवशी सही करू नका, घरी घेऊन जा, कुणाला तरी दाखवा. डिस्चार्जच्या गडबडीत अशा कागदावर 'आमची काही तक्रार नाही' हे वाक्य बारीक अक्षरात असू शकतं.

पैसे कसे मोजले

परत चेन्नईकडे. ५ लाखांचे किती झाले? सुप्रीम कोर्टाने आजवर झालेल्या उपचारांचे ४२ लाख ८७ हजार ९२१ रुपये दिले, आणि पुढच्या उपचारांसाठी १ कोटी ३८ लाख, वर तक्रार दाखल झाल्यापासून ६ टक्के व्याज. पुढच्या खर्चाचा हिशोब मला या निकालातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. कोर्टाने म्हटलं की मुलीचं आयुष्य ७० वर्षं धरू, म्हणजे अजून ५१ वर्षं, आणि रुपयाची किंमत दरवर्षी कमी होत जाते, तर आजचा खर्च तसाच गुणून चालणार नाही, महागाई धरलीच पाहिजे. दर धरला फक्त १ टक्का, जो कुठल्याही किराणा बिलाच्या मानाने फारच कमी आहे, पण महागाई धरायची हे तत्त्व तरी लिहिलं गेलं. १ कोटी ३८ लाखांपैकी १ कोटी ३० लाख सरकार आणि हॉस्पिटलने, ८ लाख दोन डॉक्टरांनी, प्रत्येकी ४ लाख.

यातून तुमच्या फाईलसाठी काय घ्यायचं ते सांगते. भूतकाळाचे लाखो रुपये मिळाले कारण बिलं होती. फिजिओथेरपीवाला रोख घेतो आणि पावती देत नाही, रिक्षाचं भाडं, मुंबईला तपासणीला गेल्यावर लॉजचा खर्च, आईने सोडलेली नोकरी आणि तिची शेवटची पगाराची स्लिप, यातलं काही जपून ठेवलेलं नसेल तर आयोग अंदाजाने एक आकडा टाकतो आणि तो नेहमी कमीच असतो. एक वही करा, तारीख, कशासाठी, किती. भविष्यासाठी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागेल की पुढे कुठली थेरपी, किती वर्षं, महिन्याला अंदाजे किती.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका खासगी हॉस्पिटलच्या अगदी अशाच आरओपीच्या केसमध्ये ७६ लाख दिले, त्या खंडपीठावर न्यायमूर्ती उदय लळीत होते. त्यामुळे चेन्नईचा निकाल एकटा पडलेला नाही, आयोगासमोर दोन्ही निकाल ठेवता येतात.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर हे लक्षात घ्या की विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाई आणि मूल या दोघांनाही मोफत वकील मिळायचा हक्क आहे, त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. अर्ज आईच्या नावाने करा. जिल्हा आयोगात निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस असतात, त्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत लगेच मागून ठेवा.